खाते तिच्या नावावर, खर्च कोणाच्या मर्जीने?

संपादक महोदय,

ग्रामीण स्त्रियांच्या आर्थिक सक्षमीकरणाची चर्चा निघाली, की किती खाती उघडली, किती बचत गट उभे राहिले आणि किती रक्कम खात्यांत जमा झाली, हे आकडे पुढे केले जातात. ते खोटे नाहीत. परंतु खात्यातला पैसा घरात आल्यावर त्याचे काय होते, हे त्यांतून कळत नाही.

मी ठाण्यात राहते आणि काही वर्षे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील गावांत घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्याचे काम केले आहे. प्रश्न बाईला विचारावा आणि उत्तर ओटीवर बसलेल्या नवऱ्याने द्यावे, हा नित्याचा अनुभव. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘दोघं मिळून’ असेच येते आणि आपणही तसेच लिहून पुढे जातो. एका घरात तीच बाई चुलीपाशी एकटी भेटली, तेव्हा मी तिला विचारले, ‘गेल्या वर्षी भात विकला, तो कितीला गेला?’ तिला ठाऊक नव्हते. राब भाजण्यापासून आवणी, बेणणी, झोडणीपर्यंत ती प्रत्येक कामात होती. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नव्हते आणि बँकेचे कार्ड मुलाच्या खिशात होते. माझ्या कागदावर तोवर ‘स्वतःचे खाते : होय’ आणि ‘निर्णयात सहभाग : होय’ अशा दोन खुणा झालेल्या होत्या.

राष्ट्रीय पाहणीतही ही दरी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरत असलेले बँक खाते असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ७९ टक्के आहे. परंतु स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा हाती असल्याचे जवळपास निम्म्याच, म्हणजे ५१ टक्के, स्त्रियांनी सांगितले. आपल्याकडे जाहीर भाषणांत पहिला आकडा येतो. माझ्या मते खरा निकष दुसरा आहे.

आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये शेतीतील स्त्री-सक्षमीकरणाचा जो निर्देशांक मांडला, त्यात उत्पादनाचे निर्णय, साधनसंपत्ती, उत्पन्नाचा विनियोग, नेतृत्व आणि वेळ अशी पाच अंगे आहेत. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एकाच घरातील स्त्री आणि पुरुष यांना तेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात. वेळेचा समावेशही तितकाच आवश्यक आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले. गटाचे कर्ज घेऊन शेळ्या पाळणाऱ्या बाईचे उत्पन्न वाढते, हे खरेच. पण तो व्याप या कामावर चढत असेल, तर तिची झोप किती कमी झाली हेही त्याच तक्त्यात लिहायला हवे.

ठाणे जिल्ह्यात यापुढे अशी पाहणी होईल, तेव्हा स्त्रीची मुलाखत एकटीने आणि शक्यतो स्त्री-प्रगणकाकडूनच घेतली जावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘निर्णय कोण घेते?’ या ढोबळ प्रश्नाऐवजी शेवटचा भात, शेवटची शेळी, शेवटचे कर्ज यांविषयी नेमके विचारावे. आणि आवणीच्या दिवसांत दुपारी दारात उभे राहू नये; त्या वेळी बाई शेतात असते आणि उत्तर द्यायला घरी उरलेलाच माणूस भेटतो.

– एक वाचक, कळवा, ठाणे