गरम पाणी नको, वीज हवी: फ्युएल सेल यंत्राबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरगुती फ्युएल सेल यंत्र उन्हाळ्यात दुपारी बंद होते, दुरुस्ती किंवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी आपल्या कंपनीने डिसेंबरात ७०० वॅटचे फ्युएल सेल यंत्र (गॅसपासून वीज आणि सोबत गरम पाणी देणारे) आणि त्याला जोडलेली २०० लिटरची गरम पाण्याची टाकी बसवली. पैसे पूर्ण दिलेले आहेत. थंडीत यंत्राबद्दल काही म्हणणे नव्हते. आवाज नाही, धूर नाही, आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरला तरी घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी कढत पाण्याने. गल्लीतले लोक मुद्दाम बघायला यायचे. मार्च लागला आणि रडगाणे सुरू झाले.

सकाळी सहाला यंत्र चालू होते. बाराच्या सुमारास टाकीतले पाणी ६० अंशांवर जाते, पडद्यावर 'टाकी भरली' असे येते आणि वीज बंद. म्हणजे कूलरची खरी गरज लागते त्याच वेळी यंत्र झोपते आणि पुढे रात्रीपर्यंत कूलर, पंखे, फ्रिज सगळे विकतच्या विजेवर.

तुमचा माणूस येऊन पाहून गेला. म्हणाला, "काका, यंत्रात फॉल्ट काहीच नाही. टाकीतलं पाणी सोडून द्या, परत चालू होईल." त्याच्यासमोरच अंगणातला नळ सोडला. वाफाळते पाणी मोरीत वाहायला लागले, यंत्रही खरेच सुरू झाले. ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "आते हाई ऊन पानी कोनले देवानं?" (आता हे गरम पाणी कोणाला द्यायचं?) हंडा-कळशी भरून ठेवणारी, भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालणारी बाई ती. तिच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या माणसाकडे नव्हते, म्हणून तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो आहे.

यंत्रात बिघाड नाही हे मलाही पटते. म्हणूनच ही तक्रार दुरुस्तीवाल्याकडे न करता विक्री करणाऱ्यांकडे करतो आहे. गॅसमधून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग करून वीज करायची, आणि त्यात निघणारी उष्णता पाण्यात साठवायची, अशी ही रचना. तुमच्या पत्रकावर '९० टक्के कार्यक्षमता' असे ठळक छापले आहे. त्यातली वीज ४० टक्के, उरलेली ५० टक्के उष्णता, हे आत बारीक अक्षरात. ही उष्णता घ्यायला जागा उरली नाही की वीजही थांबते, हे तर पत्रकात कुठेच नाही.

हिशेब सोपा आहे. जानेवारीत २० अंशांचे पाणी ६० वर न्यायला यंत्राला दहा-साडेदहा तास लागतात, तोवर वीज मिळत राहते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणीच ३८ अंशांचे असते, काम सहा तासांत उरकते. शिवाय ४४-४५ अंशांच्या उन्हात त्या पाण्याने अंघोळ करणार कोण? आमच्याकडे मे महिन्यात पहाटेच बादली भरून ठेवतात, ती निवावी म्हणून.

विक्री करताना जपानचे दाखले दिले गेले. तिथे २००९ पासून अशी यंत्रे घरांसाठी विकली जातात, लाखोंनी बसली आहेत, हे खरे. पण तिथे रोज टब भरून गरम पाण्यात बसायची पद्धत आहे आणि हिवाळाही कडक. तिथे शोभणारे यंत्र खानदेशात विकायचे तर जास्तीची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर सोबत द्यायला हवा होता. तो वेगळा मिळतो, हे आता कळते आहे.

दुसरी गोष्ट विजेची. "लाइट गेली तरी तुमचं घर चालू राहील," हे वाक्य तुमच्या प्रतिनिधीने आमच्या ओसरीत बसून, चहा घेत म्हटले होते. प्रत्यक्षात बाहेरची लाइन गेली की यंत्रही बंद पडते. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटल्या त्या रात्री घरात चालला तो जुना इन्व्हर्टरच. लाइनशिवाय चालण्याचा जोडही वेगळ्या पैशांचाच निघाला.

गॅसबद्दल थोडक्यात. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरता येत नाही, म्हणून १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. त्यातून, तुमचेच ४० टक्के धरले तर, ९५ युनिटच्या आसपास वीज निघते. सिलिंडरचा आजचा भाव मांडून युनिटचा दर तुम्हीच काढा. उष्णता वापरली गेली तरच हे परवडते, आणि वर्षातले निदान चार महिने आमच्याकडे ती वाया जाते.

तरी रेडिएटर आणि लाइनशिवाय चालण्याचा जोड, दोन्ही विनामूल्य बसवून द्यावेत. ते जमत नसेल तर यंत्र काढून न्यावे आणि पूर्ण रक्कम परत करावी. वीज-बिलातली वाढ भरून मिळावी, ही मागणी दोन्ही बाबतींत कायम आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तुमचे कार्यालय पुण्यात असले तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत: खरेदीची पावती, पत्रकाची प्रत, पडद्यावरील इशाऱ्याचे फोटो, नोव्हेंबर ते मे महिन्यांची वीज-बिले.