आमच्या शाळेच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांना, घराबद्दल

आदरणीय भाऊसाहेब,
स.न.वि.वि.

निवृत्तीच्या निरोप समारंभात तुमच्याबद्दल बरंच बोललं गेलं. वक्तशीर, हिशोबाला पक्के, शालार्थच्या (ऑनलाइन पगाराच्या) बिलात कधी चूक नाही वगैरे. सगळं खरं. पण स्टाफरूममधल्या कितीतरी जणांची घरं तुमच्या टेबलावरून पुढे गेली आहेत, हे कुणाच्याच भाषणात आलं नाही. आभार मानायचे म्हटले की आम्ही शिक्षक मंडळी शिक्षकांचेच मानतो, हेडक्लार्कच्या वाट्याला शाल-श्रीफळ. म्हणून हे पत्र उघड लिहितोय, चार लोकांनी वाचावं म्हणून.

2015 साली मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं फक्त मानधनावर, लागलो तेव्हा माध्यमिकचं मानधन महिना 8,000 होतं. मानधनावर महागाई भत्ता नाही की घरभाडे भत्ता नाही. खारघरला शाळा, पण खारघरच्या खोलीचं डिपॉझिट विचारायचीसुद्धा माझी ऐपत नव्हती. कामोठ्यात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतला एक पलंग भाड्याने घेऊन, राहिलो. वह्या तपासायच्या त्या पलंगावरच, आणि शेजारच्या कॉटवरचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून शनिवारी दुपारी खिडकीचा पडदाही सरकवता यायचा नाही. सहामाहीचे गठ्ठे घेऊन मी शाळेतच थांबायला लागलो, आणि तुम्ही ऑफिसला कुलूप लावताना हटकलंत, "सर, घरी कुणी वाट बघत नाही का?" घरच नव्हतं. बायको गावाला, मी इथे.

तुमचं एक म्हणणं मला तेव्हापासून पटत आलंय. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहावं असा शासनाचा केवढा आग्रह, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागतात. आणि शहरात? इथला मास्तर बदलापूरहून येतो की कर्जतहून, कुणी विचारत नाही. शाळेच्या आसपास त्याला परवडेल असं घर आहे का, हे तर लांबच. तुम्ही हे चिडून नाही, पगारपत्रकावर सही घेता घेता सांगायचात.

2018 च्या ऑगस्टमध्ये सिडकोने 14,838 घरांची जाहिरात काढली. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरी. स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती नेहमीसारखीच, "आपला कुठे नंबर लागणार" इथे सुरू होऊन तिथेच संपली. तुम्ही मात्र मला ऑफिसात बोलावून घेतलंत आणि माझाच फॉर्म 16, वर्षभराच्या पगाराचा दाखला, माझ्यासमोर ठेवलात. उत्पन्न मागच्या आर्थिक वर्षाचं धरतात, आणि त्या वर्षभर मी 8,000 वर होतो. म्हणजे अर्ज आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात, महिना 25,000 च्या आतल्या गटात बसत होता. आता तीन वर्षं पूर्ण होऊन वेतनश्रेणी लागली, तेव्हा हप्ता भरण्याची ताकद आली. आणि पुढच्या वर्षी अर्ज केला असता तर तीच वेतनश्रेणी मला त्या गटातून बाहेर काढणार होती. ही फट मला दिसली नसती. मी विज्ञान शिकवतो, जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचणारा माणूस नाही.

मग म्हणालात, सहअर्जदार म्हणून वहिनींचं नाव घाला. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर लागतं, आणि अनुदान केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख. अडीच लाख म्हणजे माझ्या मानधनाची अडीच वर्षांहून जास्त कमाई. पनवेलच्या तहसील कार्यालयातल्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून डोमिसाईलपर्यंत कागदांची यादी तुम्ही स्केचपेनने लिहून फोल्डरच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. जो कागद झाला त्यावर टिक. ती यादी तुम्ही माझ्याआधीही कुणासाठी तरी केली होती, कारण वरची नावं खोडलेली दिसत होती.

सोडतीत नंबर लागला, हे नशीब. त्याचे आभार वेगळे मानलेत.

खरी परीक्षा कर्जाची होती. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, शाळा अनुदानित आहे ना, मग वेतनश्रेणीची मान्यता दाखवा. शिक्षणाधिकाऱ्यांचं ते पत्र अलिबागला अडकलेलं. तुम्ही दुसऱ्या फायली घेऊन अलिबागला जाणारच होतात, ते पत्र घेऊनच परतलात. जाण्यायेण्याचे पैसे घेतले नाहीत, वर रेवदंड्याची पापलेटं स्वस्त मिळाली म्हणून स्वतःच खूश. हप्त्याच्या तारखेचं तर मला सुचलंच नसतं. बँकेने छापील फॉर्मवर 5 तारीख टाकलेली. अनुदानित शाळेचा पगार कधी एक तारखेला, कधी दहाला, कधी त्याहून पुढे. हप्ता परत गेला की दंड, आणि सिबिल खराब ते वेगळंच. तुम्ही पगार जमा झाल्याच्या तारखा पासबुकावरून काढून कागदावर मांडल्यात आणि बँकेला 15 तारीख करायला लावलीत. आजवर एकही हप्ता परत गेलेला नाही.

आमच्या मराठीच्या बाईंना तुम्ही एका बिल्डरकडे टोकन देण्यापासून थांबवलंत, प्रकल्पाला महारेरा नंबरच, म्हणजे सरकारी नोंदणीच, नव्हती. तो किस्सा त्याच कधीतरी लिहितील.

मधे करोना आला. ताबे 2021 च्या जुलैत सुरू झाले, आणि तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही चालू होते. घर तळोज्यात, 278 चौरस फुटांचं. वाऱ्याची दिशा फिरली की रात्री कारखान्यांचा वास येतो, हे मी गोड करून सांगणार नाही. पण नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली आणि शाळा एकदम जवळ आली. आता संध्याकाळी भाजी घेताना वर्गातली मुलं भेटतात, त्यांचे वडील रिक्षा थांबवून "सर, पोराचं गणित जरा बघा" म्हणतात. बदलापूरहून ये-जा करणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला हे येत नाही, तो 5:20 च्या गाडीकडे धावत असतो.

तुम्ही एकदा मोबाईलवर बातमी दाखवली होती, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत शाळांच्या मंडळानेच स्वतःच्या जागेवर 122 फ्लॅट बांधले आणि 2022 मध्ये शिक्षकांना कमी भाड्याने दिले. "आणि इतर कर्मचाऱ्यांनाही, म्हणजे क्लार्कलासुद्धा," हे तुम्ही दोनदा वाचून दाखवलंत. आपल्याकडे सिडकोने 2020 मध्ये पोलिसांसाठी वेगळी 4,466 घरांची योजना काढली. चांगलंच केलं, त्यांची गरज आहेच. म्हाडाच्या सोडतीत पत्रकार, कलावंत, माजी सैनिक यांचे राखीव गट असतात. शिक्षकांचा का नसावा, हा तुमचा प्रश्न मी संघटनेच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडतोय. मसुदा पाठवतो, आकडे तपासून द्या.

आणखी एक. यंदा दोन नवे शिक्षणसेवक लागलेत. मानधन 2023 पासून 18,000 झालंय, पण भाडी त्याच्यापुढे धावली, तेही कामोठ्यातच कॉटवर राहतात. त्यांना तुमचा नंबर दिलाय. निवृत्त माणसाला त्रास देताय म्हणून ओरडू नका, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला कळंबोलीला तुमच्या घरी येतील. फॉर्म 16 सोबत आणायला सांगितलंय. तेवढं ते फोल्डर शाळेत राहिलंय की घरी नेलंत, हे कळवा.

आपला,
विज्ञानाचा शिक्षक, खारघर
(आता मुक्काम तळोजा)