गोळी लपवू नका, डॉक्टरांना विचारा

संपादक महोदय,

वेदनाशमन विभागात मी 22 वर्षे परिचारिका होते. तिथले एक आजोबा अजून डोळ्यांपुढे आहेत. कर्करोग हाडांत पोचलेला, पण मॉर्फिनवर रात्रीची झोप लागायची. त्यांच्या मुलाने दोन दिवस गोळ्या लपवून ठेवल्या. 'या गोळीने प्रतिकारशक्ती मरते' असा निरोप त्याला कुणीतरी मोबाइलवर धाडला होता. आजोबा आले ते घामाने निथळत, जुलाबाने गळून गेलेले, कूस वळवली तरी कळवळत होते. मुलाला वाटले, आजारच वाढला; खरे तर मॉर्फिन एकदम तुटल्याचा तो त्रास होता.

तो निरोप धडधडीत खोटा असता, तर समजावणे सोपे होते. 1973 साली मेंदूत मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांचे ग्राही, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करते त्या पेशींवरच्या जागा, सापडले. पुढे 1979 मध्ये जोसेफ वायब्रान आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरही तसेच ग्राही असल्याचे दाखवले. मॉर्फिन मुख्यतः ज्यावर काम करते तो 'म्यू' नावाचा ग्राहीच ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्या प्रतिकारशक्तीवर मॉर्फिनचा परिणाम झाला नाही. म्हणजे औषधाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, तो नाकारून चालणार नाही.

पण निरोपात पुढचे काहीच नव्हते. सूज आलेल्या जागी पांढऱ्या पेशी स्वतःच बीटा-एंडॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक सोडतात आणि मज्जातंतूंच्या टोकांवरचे ग्राही ते टिपून वेदना कमी करतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशीच दुखऱ्या जागेवरून हात फिरवतात! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. शिवाय न शमलेली वेदनाही प्रतिकारशक्ती खच्ची करते, आणि मॉर्फिन एकदम तोडले तरी ती घटते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. मुलाने जे वाचवायला गोळी लपवली, तेच त्या दोन दिवसांत पणाला लागले होते.

डॉक्टरांनी डोस पुन्हा बसवून दिल्यावर त्याने मला विचारले, "मग जंतुसंसर्गाचं काय?" हा प्रश्न त्याने आधीच विचारायला हवा होता. ताप, खोकला, पाठीवरची जखम यांवर रोज नजर ठेवायची आणि लगेच कळवायचे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे याच कुळातले औषध प्रयोगांत प्रतिकारशक्तीला कमी दाबताना दिसते. ते कुणाला चालेल हे डॉक्टर ठरवतील.

आपल्या आरोग्य पानावर कृपया या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र छापा. अर्धी बाजू घरोघरी आधीच पोचली आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका