हटके दिसलं म्हणजे झालं का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी डिझायनर आहे. आमच्या फील्डमध्ये हल्ली सगळ्यांना काहीतरी हटके हवंय, पण ते वापरणार कोण असं विचारलं की मीटिंगमध्ये एकदम शांतता, याचा खरंच त्रास होतो हो.

ऑक्सो या स्वयंपाकघरातली साधनं बनवणाऱ्या कंपनीचा १९९० साली आलेला पीलर, म्हणजे भाज्यांची सालं काढायचं सोलाणं घ्या. कंपनीचा संस्थापक सॅम फार्बर याच्या बायकोला संधिवात होता, धातूचा बारीक दांडा धरताना हात दुखायचा, म्हणून त्याने डिझायनर्सना सोबत घेऊन रबराची जाड मूठ करवून घेतली, तिला बाजूने बारीक खाचा दिल्या म्हणजे बोटं नीट बसतात आणि ओल्या हातातूनही सटकत नाही, आणि झालं काय तर धडधाकट लोकांनाही तोच आवडायला लागला. क्रिएटिव्हिटी मला तरी अशाच ठिकाणी दिसते, अवॉर्डच्या स्टेजवर फार कमी.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ चा हॅरी बेकचा नकाशाही तसाच, खरी अंतरं सोडून दिली कारण प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं.

तुमच्या पुरवणीत डिझाइनवर लेख येतात तेव्हा चकाचक फोटोंसोबत ती वस्तू रोज वापरणाऱ्यांचं म्हणणंही छापा ना, प्लीज.

आपली,
एक डिझायनर वाचक