विकलंय ना, मग भेट कशी?

ती. काका,
सा. न. वि. वि.

पोस्टातल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे न्यायचे. पण या ३१ तारखेला तुम्ही निवृत्त होताय असं कळलं. काउंटरवर गर्दी असते, त्यात मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्यासारख्या घरून माल पाठवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा हातात परत आलेलं पार्सल होतं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका बाईंनी गोधडी मागवली होती. मी कस्टमच्या फॉर्मवर इंग्रजी अक्षरांत ‘गोधडी’ असंच लिहून दिलं होतं. दोन महिने फिरून ते पार्सल जसंच्या तसं घरी आलं आणि त्या बाईंचे पैसे मला परत करावे लागले. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, “तिकडच्या कस्टमवाल्याला गोधडी म्हणजे काय कळणार, ताई? त्याने पाहिलीय का?” मग माझ्याकडून लिहून घेतलंत: हाताने शिवलेली सुती रजई, एक नग, वजन, खरी किंमत, आणि एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जगभर चालणारा आकडा, ९४०४. तो कोड मी आता झोपेतही सांगेन. आमच्या घरचा गॅस ग्राहक क्रमांक मात्र अजून पाठ नाही.

परदेशात माल विकायला लागतो तो आयात-निर्यात कोड काढायचा म्हणजे एजंटला पाच-सात हजार द्यावे लागतील, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सरकारी फी ५०० रुपये आहे, ऑनलाइन होतं, पॅन आणि बँकेचा कागद घेऊन बसा. बसले, झालं. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा असतो, नाहीतर बंद पडतो, हेही तुम्हीच दोनदा आठवण करून सांगितलंत.

आणि तो खोका! गोधडी चुरगळू नये म्हणून मी ५० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा खोका आणला होता. खासगी कुरियरवाल्याने लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागलं आणि सव्वादोन किलोच्या गोधडीचं वजन १२ किलो काढलं. मला वाटलं, फसवतोय. तुम्ही कागदावर तोच हिशेब करून दाखवलात आणि म्हणालात, “फसवत नाही तो. विमानात जागा विकत घ्यावी लागते. तुम्ही हवा पाठवताय, त्याचे पैसे द्यायचे.” तेव्हापासून आम्ही गोधडी घट्ट गुंडाळून प्लास्टिकमध्ये दाबतो आणि वरून मांजरपाट शिवतो. आईचा धावदोरा पाहून तुम्ही म्हणाला होतात, की असं शिवलेलं पार्सल कित्येक वर्षांत पाहिलं नाही. आई ते आठ दिवस सांगत होती.

पण आभार मानायचेत ते खरं तर तुम्ही एका गोष्टीला ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल.

२०२५ चा ऑगस्ट. न्यू जर्सीच्या एका आजींनी नातीच्या बारशासाठी दुपटं मागवलं होतं. तेवढ्यात अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. ही ड्यूटी, म्हणजे आयात कर, कुणी, कशी गोळा करायची हे ठरेना, विमान कंपन्या माल घेईनात, आणि २५ तारखेपासून आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंग थांबवलं. पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू होत्या. माझं दुपटं ४५ डॉलरचं. आजींनीच फोनवर सुचवलं, गिफ्ट म्हणून लिही ना गं. मी तुमच्यापुढे अक्षरशः हात जोडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, “विकलंय ना? मग भेट कशी?”

काका, त्या दिवशी मी तुम्हाला मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. एसटीत रडले. महिनाअखेर भेटवस्तूंचंही बुकिंग बंद झालं, तेव्हा तुमच्यावर आणखी राग आला. भेटवस्तू चालू होत्या तेवढे दिवस हातचे गेले असं वाटलं.

राग गेला तो ऑक्टोबरात. १५ तारखेला बुकिंग पुन्हा सुरू झालं, त्याच सकाळी तुमचा फोन आला. तुम्ही सांगितलंत, त्या वेळच्या नियमाने ड्यूटी इथेच आगाऊ भरायची, जाहीर किमतीच्या निम्मी. तिथे दारात कुणी आजींकडे पैसे मागणार नाही. दुपट्याच्या निम्मी किंमत ड्यूटीत जाणार हे ऐकून पोटात गोळा आला. पण आजींना आकडा आधीच सांगता आला, त्या हो म्हणाल्या. माझ्या आधीच्या सगळ्या पार्सलांवर खरी किंमत आणि तोच कोड होता, त्यामुळे कुठेच अडलं नाही. दुपटं पोचलं तेव्हा बारसं कधीच होऊन गेलं होतं. बाळ पालथं पडायला लागलं होतं. आजींनी त्याच दुपट्यावर पालथ्या पडलेल्या नातीचा फोटो पाठवला, तो मी तुम्हाला काउंटरच्या काचेतून दाखवला. मागे रांग असूनही तुम्ही तो मोठा करून पाहिलात.

आईने आणि काकूने तुमच्यासाठी गोधडी घातलीय. आतले थर आजीच्या नऊवारीचे आहेत. वरच्या कापडाला तुम्हाला चालणारा रंग कुठला ते ठाऊक नव्हतं, म्हणून पोस्टाच्या पेटीचा लाल घेतला. ही पार्सलने येणार नाही, मीच घेऊन येईन. आणि ही विकलेली नाही. फक्त तुमची उंची कळवा. आईला पायाकडची पट्टी अजून लावायची आहे.

तुमची,
गोधडीवाली ताई