ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातला एक महिला ग्रामसंघ. दसरा झाला की आमच्या गावातली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. त्याआधी इथे बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची घाई उडते. तेवीस वर्षांची, दोन लेकरांची पोर. पाळणा लांबवायचाय की थांबवायचाय, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. उसाच्या फडात दिवस गेले तर खाडे पडणार, पैसे कापले जाणार. सासू म्हणते, ‘मुलगा झालाय ना, उरकून घे.’ दोन्ही मुली असल्या तर तीच सासू ऑपरेशनचं नाव काढू देत नाही.

पाळणा लांबवायला गर्भाशयात बसवायची तांबी, छाया गोळी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण इंजेक्शनची पुढची तारीख येते तेव्हा बाई परमुलखात फडावर असते. अंतराने पाळी पुढेमागे होते, अधूनमधून अंगावर जातं. फडावरच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, ना पाणी, ना न्हाणीला आडोसा. तिथे तिने ते कसं निभवायचं? छायाने पाळी लांबली की दिवस गेल्याच्या धास्तीने गोळीच सुटते. तांबी पोटात वर चढते, ही अफवा तर घरोघरी आहे. पेटीत गोळ्यांचं पाकीट सापडलं म्हणून झालेली भांडणं आम्ही मिटवली आहेत.

गडीमाणसं म्हणतात, नसबंदीने उसाची मोळी उचलायचा जोर जातो. जात नाही. बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर विवाहित बायकांमागे सुमारे ४९ जणींचं ऑपरेशन झालेलं दिसतं, आणि पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा नाही. मोळी तर बाईही डोक्यावर वाहते!

म्हणून टोळ्या हलायच्या आत सासू, सून आणि नवरा यांना एकत्र बसवून सगळे उपाय समजावून सांगायचे आहेत. ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, हेही सांगायचं आहे. नंतर प्रत्येकीशी पडद्याआड एकटीशी बोलणं होईल. कोणता उपाय घ्यायचा, की काहीच नको, ते तिनेच ठरवायचं.

वाड्यावस्त्यांवरून आणायला जीपभाडं, आलेल्यांचा बुडालेला रोज, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची कार्डं आणि इंजेक्शनची तारीख लिहायची, सोबत नेता येतील अशा छोट्या वह्या, एवढ्यासाठी पैसे हवेत. पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांनी जमेल तेवढं द्यावं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी एक दिवस द्यावा. ज्यांनी स्वतः नसबंदी केली आहे अशा पुरुषांनी तर जरूर यावं. गडीमाणसं आमचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

मदत ग्रामसंघाच्या कार्यालयात घटस्थापनेच्या आत पोचवावी आणि पावती घ्यावी. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवू.

आपल्या,
ग्रामसंघाच्या सर्व सदस्या