एकसंब्याचा पैलवान आणि महाराष्ट्र केसरीची गदा

बेळगाव

दोस्ता,

काय करुलालास? तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ऑफिसातल्या पोरांनी तुला विचारलं की तुम्ही बेळगाववाले महाराष्ट्र केसरीचं एवढं काय घेऊन बसता, तुमचं राज्यच वेगळं, आणि तू गप्प बसलास. गप्प का बसलास रे? फोनवर हे सगळं सांगून होणार नाही म्हणून लिहितोय, सावकाश वाच.

महाराष्ट्र राज्य झालं 1 मे 1960 ला आणि पुढच्याच वर्षी, 1961 ला, त्या वेळच्या औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती मारली दिनकर दह्यारींनी. कुस्तीगीर परिषद उभी केली मामासाहेब मोहोळांनी, म्हणून आजही चांदीची गदा मिळते ती मोहोळ घराण्याकडनं, मामासाहेबांच्या स्मरणार्थ. दुसऱ्या वर्षी धुळ्याला भगवान मोरे, मग 64-65 लागोपाठ गणपत खेडकर, 67-68 चंबा मुत्नाळ, 70-71 दादू चौगुले, 72-73 लक्ष्मण वडार, म्हणजे त्या काळात एकदा गदा घेतली की पुढच्या वर्षी परत तोच येऊन उभा राहायचा आणि बाकीच्यांनी काय ते बघून घ्यायचं. मधल्या 1963 ला तर निकालच लागला नाही, गदा कुणालाच नाही. मला हे लय पटतं बघ. स्पर्धा भरवली म्हणून कुणाला तरी किताब द्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे, आधी समोरच्याला पाड, मग गदा उचल.

पण त्या पोरांना सांगायची खरी गोष्ट ह्याच्याही आधीची आहे. 1959 ला दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरीची, म्हणजे अख्ख्या देशातल्या किताबाची, गदा कोल्हापुरात आणली ती श्रीपती खंचनाळेंनी, आणि खंचनाळे कुठले? एकसंब्याचे! तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला होता आणि महाराष्ट्र नावाचं राज्य तर अजून व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एकसंब्याचं पोरगं कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत जाऊन राहतं, तिथल्या मातीत मेहनत करतं आणि सगळ्या देशात नाव काढतं, आणि पुढं आयुष्यभर कोल्हापूर त्याला आपलाच म्हणतं. डिसेंबर 2020 ला ते गेले तेव्हा दोन्हीकडची माणसं हळहळली. त्यांचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास सुरूच होत नाही असं मी ठामपणे म्हणतो, आणि तूही म्हण.

आणि हे काय एकट्याचं नव्हतं. शाहू महाराजांनी तालमी वाढवल्या, 1912 ला खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हापासून चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडच्या पोराला पैलवान व्हायचं म्हटलं की वाट एकच, कोल्हापूर. निपाणीपासनं चाळीस किलोमीटर. नकाशावर रेघ पडली म्हणून तालमीतल्या पोराला घरनं जाणारा तुपाचा डबा काय थांबला नाही.

उलटं पण झालंय की. 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार, लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे, त्यांनी दिल्लीच्या सतपालला चितपट केलं ते कुठं? आपल्या बेळगावात, 1977 ला. सतपाल म्हणजे दिल्लीचे नावाजलेले वस्ताद गुरू हनुमान, त्यांचा पठ्ठा, त्या वेळी त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे छाती पाहिजे होती. ही कुस्ती आपल्या गावात झाली आणि आपल्याच नव्या पोरांना माहीत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता किताबाचं स्वरूप बदललंय, ते पण सांग त्यांना. माती विभाग वेगळा, गादी म्हणजे मॅटचा विभाग वेगळा, दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, पॉइंटचा हिशोब. त्यातनंच नरसिंग यादवनं 2011 ते 13 आणि विजय चौधरीनं 2014 ते 16 अशी सलग तीन-तीन वर्षं गदा घेतली, 2025 ला अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळनं मारली. मॅटला मी नावं ठेवत नाही, ऑलिम्पिकला जायचं तर मॅटच पाहिजे. पण पॉइंटवर सुटलेल्या फायनलनंतर जे वाद होतात ते बघितलं की जत्रेचं मैदान बरं वाटतं, पाठ लागली की विषय संपला, पंचाला पण काय बोलायला जागा नाही.

येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतलं मैदान आठवतंय ना? दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या, मग हळूहळू मोठ्या जोडी, हलगी कडाडायला लागली की गप्पा मारणारी माणसं पण मान वर करतात. पैलवान आधी वाकून माती कपाळाला लावतो, मग मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो, घामानं हात निसटू नये म्हणून, आणि सलामी झाली की पहिली दोन मिनिटं नुसती मनगटं आणि मान, कोण कुणाचा जोर मोजतोय ते आपल्याला कळत नाही, कडेला बसलेल्या वस्तादाला कळतं. तो खालनं ओरडतो, "घिस्सा मार, घिस्सा!" आणि खरंच पुढच्या क्षणी पोकळ घिस्सा हा डाव बसलेला असतो. जोड कुणाची, तर एक सांगलीचा, एक दावणगेरेचा. पुकारणारा मराठीत पण सांगतो, कन्नडमध्ये पण. आपली पोरं तिकडं म्हैसूरच्या दसऱ्याला दसरा कंठीरव किताबासाठी पण खेळायला जातात, कर्नाटक केसरीचं स्वप्न पण बघतात, आणि कोल्हापूरच्या तालमीत पण राहतात. दोन्ही गदा आपल्याच मातीतल्या पोरांनी उचलाव्यात, माझं तरी एवढंच म्हणणं आहे.

आता कामाचं. आपल्या तालमीच्या भिंतीवर पैलवानांची नावं रंगवायची ठरलीत. काहीजण म्हणतात फक्त गावातलीच लिहा. मी म्हटलं गावातली लिहाच, पण सगळ्यात वर श्रीपती खंचनाळे, एकसंबा, हिंदकेसरी 1959, आणि खाली बिराजदार-सतपाल कुस्तीची एक ओळ. पेंटर पुढच्या आठवड्यात येणार आहे. तुझं ग्रुपवर ऐकतात, तेव्हा आजच तसं टाक आणि वर्गणी पण पाठव, रंग आणायचाय. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच दोस्त